बत्ताशा पाणी पितो का?

भीमज्योत नगरात त्रिंबक शिवशरणला नावानं हाक मारणारी माणसं थोडी. बाकी सगळ्यांसाठी तो चावीवाला. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांच्या शेडमागं ही वस्ती आहे. इथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि येतं म्हणजे त्रिंबक ते सोडतो. त्याच्या सायकलच्या दांडीला छातीइतकी उंच लोखंडी चावी बांधलेली असते. वर आडवी मूठ, खाली चौकोनी भोक. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी जमिनीत व्हॉल्व्हचं चेंबर आहे. झाकण सरकवायचं, चावी खाली सोडायची, ती व्हॉल्व्हच्या डोक्यावर नीट बसली की दोन्ही हातांनी आटे फिरवायचे. आधी नळातून नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ चूळ पडते आणि मग गल्लीतून कुणीतरी ओरडतं, "आलं गं, आलं."

वीसेक वर्षं तो हेच करतोय. ठेकेदार बदलले, चावी तीच राहिली. पाणी वेळेवर आलं तर त्याची कुणाला आठवण येत नाही. उशीर झाला तर त्याच्या आजोबा-पणजोबांपर्यंत सगळ्यांची येते.

"पान्याला शिव्या देत्यात, मला न्हाय," तो घरी सांगायचा.

"पान्याला कान न्हाईत. तुमाला हायेत," त्याची बायको महानंदा म्हणायची.

पण या आठवड्यात लोकांच्या शिव्यांचं त्याला काही नव्हतं. त्याच्या डोक्यात फक्त बत्ताशा होता.

बत्ताशा म्हणजे त्यांचा कुत्रा. गावठीच, पांढरा, एका कानावर चहा सांडल्यासारखा डाग. दोन वर्षांपूर्वी मुलगी बुद्धप्रिया संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेतून बत्ताशांचा पुडा घेऊन येत होती, तेव्हा हे पिल्लू पुड्याच्या वासानं तिच्यामागं घरापर्यंत आलं आणि राहिलं. त्याचं सगळं तीच बघायची. खाणं, अंघोळ, डॉक्टर. मागच्या वर्षी ती नर्सिंगला पुण्याला गेली आणि कुत्रा त्रिंबकच्या वाट्याला आला. तो सकाळी सायकल काढायचा आणि बत्ताशा मागं मागं प्रत्येक चेंबरपाशी जाऊन बसायचा. बायका म्हणायच्या, "आलं बघा, चावीवाल्याचं असिस्टंट."

मग त्या रविवारी शेजारची वैष्णवी बत्ताशाच्या ताटलीजवळ घरंगळलेला चेंडू घ्यायला वाकली. तो खात होता. त्यानं मान वळवली आणि तिच्या मनगटाला दात लावले. जखम मोठी नव्हती. दोन ठिपके, आणि त्यातून रक्त.

वैष्णवी सहा वर्षांची. तिची आजी रंभाबाई मंद्रूपच्या शेतकरी घरातल्या. मुलाबरोबर शहरात येऊन त्यांना आता बरीच वर्षं झाली होती. मुलगा रामहरी मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलतो. त्यानं पोरीला तसंच उचलून सिव्हिलला नेलं. त्रिंबकही गेला. डॉक्टरीणबाईंनी जखम साबणानं धुवायला लावली, सुया दिल्या आणि सांगितलं, पुढच्या सुया चुकवायच्या नाहीत, आणि कुत्र्यावर लक्ष ठेवायचं. ते आजारी पडलं किंवा मेलं तर लगेच यायचं.

परत येताना रिक्षात रामहरीनं विचारलं होतं, "काका, कुत्र्याला सुई दिलीय का तुमी?"

"दिलीय की," त्रिंबक म्हणाला. "बुद्धप्रियानं स्वतः नेऊन दिलीय. तू निवांत राहा."

रामहरी खरोखरच निवांत राहिला. कांद्याचा हंगाम ऐन भरात होता आणि एक दिवस खाडा केला तर टोळीतली जागा दुसरा धरतो. कुत्र्याला सुई दिलेलीच आहे, मग पोरीला कशाला परत परत टोचायचं, असं त्यानं ठरवलं. पुढच्या सुईचा दिवस आला आणि गेला. त्रिंबकला ते कळलं, पण त्यालाही त्यात वावगं वाटलं नाही.

रंभाबाईंचा मात्र ना सुईवर विश्वास ना डॉक्टरवर. त्यांचा पाण्यावर होता. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. त्यामुळं रोज सकाळी त्या त्रिंबकच्या फाटकाबाहेर येऊन उभ्या राहायच्या. पदर डोक्यावर, हात कठड्यावर. महानंदा साखळीला बांधलेल्या बत्ताशापुढं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं ठेवायची. बत्ताशा लपलप पाणी प्यायचा. शेवटचा थेंब संपेपर्यंत रंभाबाई बघायच्या.

"प्यालं," त्या म्हणायच्या आणि घरी जायच्या.

हा रोजचा नेम झाला होता. कुत्रा भांड्याशी येईपर्यंत दोन्ही घरांचा श्वास अडकलेला असायचा. एकदा तो आळसावून पडून राहिला, तर महानंदानं भांड्यात दुधाची धार सोडली. रंभाबाई म्हणाल्या, "दूध नगं. दुधाला यम बी येतोय. नुसतं पानी दे."

त्या शुक्रवारी पाण्याची पाळी होती. ऊन चढायला लागलं तेव्हा त्रिंबकनं गल्लीच्या तोंडाशी सायकल लावली, शर्ट काढून हँडलला अडकवला आणि बनियनवर आटे फिरवले. गल्ली जागी झाली. पाइप सोडले गेले, मोटारी घुरघुरायला लागल्या. बत्ताशा घरी साखळीला होता. त्याला सोडायचं नाही, हे महानंदाला दहादा सांगून झालं होतं.

पण बत्ताशाची साखळी नळाशेजारच्या खांबाला होती, आणि पिंप नेमकं तिथंच ठेवायचं होतं. महानंदानं साखळीचा आकडा काढला. पलीकडच्या खिळ्याला अडकवायला फक्त दोन पावलं जायचं होतं. तेवढ्यात दाब आला आणि नळाला चिंधीनं बांधलेला पाइप सुटला. तो अंगणात सापासारखा उसळला, एक फटका बत्ताशाच्या तोंडावर बसला आणि मग पाण्याचा फवारा. बत्ताशा केकाटला. साखळी महानंदाच्या हातातून सटकली. फाटक उघडं होतं, कारण त्याच वेळी रंभाबाई ते ढकलून आत येत होत्या.

कुत्रा त्यांच्या लुगड्याला घासून बाहेर पळाला.

रंभाबाई जागच्या जागी थिजल्या. त्यांनी पाइप नीट पाहिलाच नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच, पाणी आलं आणि कुत्रं पळालं.

"पान्याला भ्यालं," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, गल्लीकडं तोंड करून, "रामहरी, कुत्रं पान्याला भ्यालं रं."

त्या एका वाक्यानं जे व्हायचं ते झालं. रामहरी त्या दिवशी यार्डात दुपारी येणाऱ्या कांद्याच्या गाडीवर जाणार म्हणून घरी होता. त्यानं दाराला आडवी लावायची लाकडी अडणी उचलली. शेजारची दोन पोरं काठ्या घेऊन निघाली. लोकांनी लेकरं घरात ओढली. महानंदा पाणी तसंच वाहतं सोडून गल्लीच्या तोंडापर्यंत पळत आली.

"आवं, सुटलं," तिला धाप लागली होती. "पाइप सुटून तोंडावर बसला, साखळी घिऊन पळालं. रामहरी अडणी घिऊन मागं गेलाय. आदी तुमी गाठा त्येला."

त्रिंबकनं चावी चेंबरात तशीच उभी सोडली आणि पळाला.

पाण्याच्या दिवशी गल्लीतून पळणं सोपं नाही. दर दोन पावलांवर पाइप, बादली, कळशी, साबणाचं पाणी. त्यात चावीवाल्याला बनियनवर पळताना गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं.

"आवं चावीवाले, प्रेशर न्हाय आज. कुटं निघालासा?"

"बत्ताशा दिसला का?"

"दिसला की. तो बी तुमच्यावानीच पळतुया. दोघं मिळून पानी सोडून कुटं चाललाय?"

पुढची बाई हसली नाही. तिनं लेकराला काखेत घट्ट धरलं होतं. "देवळाकडं गेलंय. जीभ भाईर होती त्येची. खरंच पिसाळलंय का हो?"

"पळून पळून जीभ भाईर येतीय, बाई. माजी बी आलीय बघा," त्रिंबक म्हणाला आणि तसाच पुढं गेला.

देवळापाशी बत्ताशा दिसला. साखळी मागं खणखणत होती आणि तो आवाज जणू दुसराच कुणी पाठलाग करतोय असं समजून तो आणखी भ्याला होता. त्रिंबकनं हाक मारली. बत्ताशानं कान टवकारले, शेपूट हललं, एक पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात दुसऱ्या बोळातून रामहरी आणि काठीवाली पोरं आली. काठी दिसताच तो उलटा फिरला आणि शेडांच्या दिशेनं गेला.

"काका, बाजूला व्हा," रामहरी म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तेच त्रिंबकला जास्त लागलं.

"मारू नको रामहरी. मारलंस तर कळनार कसं काय झालंय ते? डॉक्टरीन काय म्हनली? जित्तं ठेवा, बघत ऱ्हावा."

"बघितलं की. आय डोळ्यांनी बघून आलीय."

"पाइप सुटला रं. तुज्या तोंडावर सुटला तर तू बी पळशील. आन सुई दिलेलं कुत्रं हाय. सुई दिलेलं पिसाळतंय व्हय?"

पोरं घुटमळली. रामहरीनं अडणी खाली केली नाही, पण हात जरा सैल सोडला. "तुमच्या शब्दावर थांबलोय, काका," तो म्हणाला. "आजपतुर थांबलोय."

शेडांमध्ये मागांचा खडखडाट एवढा, की तिथं हाक मारून काही उपयोग नव्हता. दारात राजशेखर चादरींच्या गठ्ठ्यावर बसून विडी ओढत होता. तो विणकर, घरी तेलुगू बोलणारा. त्रिंबकची आणि त्याची चहाची जुनी ओळख.

"कुत्रा बघितलास काय, राजशेखर?"

"आत घुसला होता की अण्णा. आवाज ऐकला आणि जसा आला तसा गेला." त्यानं विडी विझवली आणि उठला. "मागं सांडपाण्याच्या ओढ्याकडं. तिकडं भटकी कुत्री लई आहेत. एकटा सापडला तर फाडतेत त्याला. चल, मी येतो."

ओढ्याच्या कडेनं चालताना त्रिंबकच्या खिशात फोन वाजत होता. पुढच्या गल्लीचे लोक. तिकडचं पाणी सोडायची वेळ झाली होती आणि चावी आधीच्या गल्लीच्या चेंबरात उभी होती. दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा पडद्यावर लेकीचं नाव होतं.

"पप्पा, आईनं सांगितलं. सापडला का?"

"न्हाय अजून. बाळ, तो घाबरला की कुटं जातोय, काय सांगशील का?"

"तुमच्यामागंच जातो की तो. दुसरं कुठं जाणार." मग तिनं विचारलं, "पप्पा, त्या मुलीच्या सगळ्या सुया चालू आहेत ना?"

"पयल्या दिवशीच्या झाल्या. मग रामहरी म्हनला, कुत्र्याला दिलेलीच हाय तर..."

"कुणी सांगितलं दिलीय म्हणून?"

"तूच की. तू नेलं न्हवतंस का?"

"ते पिल्लू होतं तेव्हा, पप्पा. दर वर्षी द्यायची असते ती. मागच्या वर्षी मी तुम्हाला सांगून आले होते, उन्हाळ्यात नेऊन आणा म्हणून. नेलं नाही का?"

उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होती. दिवसरात्र चेंबरं. कुणीतरी काहीतरी सांगितलं होतं खरं, आणि त्यानं हं म्हटलं होतं. एकदा दिलेली सुई कायमची असते, असंच तो धरून चालला होता. लहानपणी शाळेत त्याला दिली होती तशी.

"पप्पा, ऐकताय का? कुत्रा चांगला असेलही. पण तिला आजच न्या. चुकलेली सुई आजच घ्यायची. आणि पाणी पितो का नाही यावर काही नसतं. सुरुवातीला पिसाळलेलं कुत्रंही पाणी पितं. मी पुस्तकात बघूनच सांगतेय."

फोन बंद झाला तरी त्यानं तो कानाला धरलेलाच होता.

"काय झालं?" राजशेखरनं विचारलं.

"काय न्हाय," त्रिंबक म्हणाला आणि वळला. "हितं न्हाय तो. चल माघारी."

येताना त्याला वैष्णवीचं मनगट आठवत होतं. ते दोन ठिपके. आपण रिक्षात बसून केवढ्या सहज म्हणालो, दिलीय की. आता तर देवळापाशी, चारचौघांत, पुन्हा तेच. वीस वर्षं लोकांनी पाण्यासाठी त्याच्यावर भरवसा टाकला होता. येईल म्हणाला की येणार. त्याच भरवशावर रामहरीनं पोरीची सुई सोडली होती.

कुत्रा सापडला तो त्यानं चावी जिथं सोडायला नको होती तिथंच. गल्लीच्या तोंडाशी, चेंबरपाशी. सायकलच्या हँडलला अडकवलेला शर्ट खाली पडला होता आणि बत्ताशा त्यावर बसला होता, साखळी चाकात गुंतलेली. दाराआडून, ओट्यांवरून निम्मी गल्ली लांबून बघत होती. रामहरी अडणी घेऊन पुढं उभा होता आणि त्याच्याशेजारी रंभाबाई.

व्हॉल्व्हच्या गळतीतून चेंबराच्या कडेला थोडं पाणी साचलं होतं. त्रिंबक जवळ गेला तसा बत्ताशानं शेपूट आपटलं, मान लांब केली आणि ते पाणी प्यायला लागला. लपलप, लपलप. बराच वेळ प्याला.

मग रंभाबाईंनी पदर सारखा केला.

"प्यालं," त्या म्हणाल्या.

गल्लीनं श्वास सोडला. काठीवाली पोरं हसली. कुणीतरी म्हणालं, "चावीवाल्याचं कुत्रं, व्हॉल्व्हवरच पानी पिनार की." एका बाईनं लगेच विचारलं, पाणी अजून किती वेळ आहे. रामहरीनं अडणी भिंतीला टेकवली आणि त्रिंबककडं बघून मान हलवली. माफी मागितल्यासारखीच.

इथं गप्प बसलं असतं तर सगळं मिटलं होतं. त्रिंबकला ते स्पष्ट दिसत होतं. कुत्र्याला घरी नेऊन बांधायचं, व्हॉल्व्ह बंद करायचा, पुढच्या गल्लीचं सोडायचं. रात्री गुपचूप बुद्धप्रियाला विचारून काय ते बघता आलं असतं. त्यानं साखळी चाकातून सोडवली. ती त्यानं चावीच्या आडव्या मुठीला दोन वेढे देऊन बांधली. मग उभा राहिला.

"रामहरी, पोरीला आताच्या आता सिव्हिलला ने."

"आता कशाला? प्यालं की."

"पान्यावर काय नसतंय. आन सुई दिलेली न्हाय त्येला. पिल्लू होतं तवा एकदा दिलती. पुढं राहिली. माज्यानं राहिली. मला आत्ता फोनवर कळलं."

रामहरीला ते डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

"आत्ता देवळापाशी काय म्हनलासा तुमी?"

"तवा म्हाईत न्हवतं."

"रिक्षात?"

"तवा बी न्हवतं. पर म्हाईत न्हवतं तर बोलायचं न्हवतं."

रामहरीनं अडणी पुन्हा उचलली. त्रिंबक हलला नाही. महानंदा मध्ये येऊ लागली, तिला त्यानं हातानं थांबवलं. पण रामहरीनं अडणी गटारात फेकली आणि घराकडं पळाला. थोड्या वेळानं तो शेजारच्याची मोटारसायकल घेऊन निघाला. पुढं वैष्णवी, ओल्या हातांनी तशीच, अर्धी वेणी घातलेली. तिनं जाताना कुत्र्याकडं बघून हात हलवला.

"मी येतो संगं," त्रिंबक म्हणाला.

"नगा येऊ. कुत्र्याकडं बघा," रामहरी त्याच्याकडं न बघता म्हणाला. "त्येला काय झालं तर फोन करायचा. काय बी झालं तरी करायचा. लपवायचं न्हाय."

त्या दिवशी पुढच्या गल्लीला पाणी उशिरा आणि थोडंच मिळालं. त्रिंबकच्या आजोबा-पणजोबांची आठवण निघाली. त्याला ऐकू आलं, आणि पहिल्यांदाच वाटलं, पाण्याला नाही, शिव्या मलाच देतायत.

संध्याकाळी रामहरी पोरीला घेऊन आला. सुई झाली होती. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं दारातूनच महानंदाला सांगितलं, त्रिंबकला नाही. उरलेल्या सगळ्या घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, आणि कुत्र्यावर नजर ठेवायची.

रात्री त्रिंबक दोनदा उठून अंगणात गेला. बत्ताशा झोपेत पाय हलवत होता. स्वप्नात पळत असावा, किंवा आणखी काही. कुत्रं झोपेत असं करतंच, हे त्याला ठाऊक होतं, तरी तो बॅटरी लावून बघत राहिला.

सकाळी नेहमीच्या वेळेला रंभाबाई फाटकाशी आल्या. महानंदानं जर्मनचं भांडं भरलं आणि बत्ताशापुढं ठेवलं. तो लपलप पाणी प्याला. महानंदानं सवयीनं वर पाहिलं.

रंभाबाई भांड्याकडं बघत नव्हत्या. त्या त्रिंबककडं बघत होत्या.

"पान्याचं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पुढली सुई कवा हाय तेवढं नीट इचारून सांग मला. रामहरीला यार्डात जावं लागतंय. मी नेते पोरीला. मला सिव्हिलची वाट गावत न्हाय."

"मी येतो, मावशी," त्रिंबक म्हणाला.

त्या हो म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. कठड्यावरचा हात काढून घरी गेल्या.

त्रिंबकनं बुद्धप्रियाला फोन लावला. ती उचलेपर्यंत तो बत्ताशाजवळ बसून राहिला. कुत्र्यानं रिकामं भांडं नाकानं ढकलत त्याच्याकडं आणलं. आणखी पाणी हवं होतं. त्रिंबकनं ओतलं. तो पीत होता, आणि त्रिंबकला त्यानं काडीचंही बरं वाटत नव्हतं.